कामठीची छावणी आणि ‘लढाऊ जातीं’चा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं, की पंधरा-सोळा किलोमीटरवर, कन्हान नदीच्या अलीकडच्या तीरावर कामठी लागते. गावाला हे नाव कसं पडलं याची एक गोष्ट इथे हमखास ऐकायला मिळते. इंग्रजांच्या कागदात या जागेची नोंद ‘कॅम्प टी’ अशी होती आणि लोकांच्या तोंडी त्याचं ‘कामठी’ झालं, अशी ती गोष्ट. गावांच्या नावांच्या अशा गोष्टी फार ताणू नयेत. पण आजची कामठी उभी राहिली ती छावणीमुळे, यात मात्र वाद नाही.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसल्यांची सत्ता खिळखिळी झाली आणि नागपूरवर नजर ठेवण्यासाठी इंग्रजांना कायमची फौज ठेवायची होती. १८२१ मध्ये कामठीला छावणी बसली. या फौजेतला मोठा भाग मद्रास लष्कराचा होता. म्हणजे मराठी मुलखाच्या या टोकाला तेलुगू आणि तमिळ शिपाई आले, त्यांच्यामागून त्यांची बायकामुलं आली, सामान पुरवणारे, कपडे धुणारे, दाणागोटा विकणारे आले. पुढे उत्तरेकडून मोमीन विणकर आले, विड्यांचे कारखाने निघाले. एका छावणीभोवती किती भाषांची वस्ती होऊ शकते हे पाहायचं असेल तर कामठी पाहावी. गोराबाजार हे नाव आजही तिथे आहे.

या छावणीच्या निमित्ताने आज मला एका प्रश्नाकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. शिपाई कोणाला होता येतं? आज आपण म्हणू, ज्याची उंची, छाती, धाव नियमात बसते, जो परीक्षा पास होतो त्याला. पण या देशात निदान साठ-सत्तर वर्षं अशी गेली, की माणसाची छाती मोजण्याआधी त्याची जात विचारली जाई आणि जातीवरून त्याच्या रक्तात शौर्य आहे की नाही हे सरकारी कागदावर ठरलेलं असे. ज्यांच्या नावापुढे ‘नाही’ असं लिहिलं गेलं त्यांत कामठीचे मद्रासी शिपाईही होते आणि महाराष्ट्रातले महारही होते.

ही व्यवस्था अनादी काळापासून चालत आलेली नव्हती. मुंबई इलाख्याच्या जुन्या फौजेत निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच कंपनीत असत. बंगालच्या फौजेत ब्राह्मण-रजपुतांचा भरणा आणि सोवळ्या-ओवळ्याचं अवडंबर फार होतं. जॉन जेकबसारखे मुंबईकडचे अधिकारी त्यावर उघड टीका करत. आमच्याकडे रांगेत शेजारी कोण उभा आहे हे शिपाई विचारत नाही, असा त्यांचा अभिमान होता. हा अभिमान थोडा फुगवलेला असणार. लाइनीबाहेर, गावच्या पाणवठ्यावर, अस्पृश्यता होती तशीच होती. तरीही कवायतीच्या मैदानावर मराठा, मुसलमान, महार आणि कोकणातले बेने इस्राएल ज्यू एका हुकुमावर पाय उचलत होते, ही गोष्ट लहान नाही.

भीमा-कोरेगावचा स्तंभ या मिश्र फौजेचाच आहे. १ जानेवारी १८१८ ला कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली जी तुकडी पेशव्यांच्या मोठ्या फौजेसमोर दिवसभर टिकली, तिच्यात मुंबईच्या पायदळाचे सुमारे ५०० शिपाई होते. स्तंभावर पडलेल्यांची जी नावं कोरली आहेत, त्यांतल्या ४९ पैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. रामनाक, सोमनाक अशी. ‘नाक’ ही महारांच्या नावांची तेव्हाची खूण. बाकीच्या नावांत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत. या लढाईचा अर्थ काय लावायचा यावर आज भांडणं होतात. मला इथे एवढंच दाखवायचं आहे, की दगडावर नावं कोरताना इंग्रजांनी जातवार खाने पाडले नव्हते.

फौजेतल्या नोकरीने या माणसांना नेमकं काय दिलं? पगार दिला, हे उघड आहे. पेन्शन दिली. गावकीच्या कामात महाराला बलुत्याच्या भाकरीवर राहावं लागे; इथे महिन्याच्या ठरल्या तारखेला रोख पैसा हातात येई आणि तो मागण्यासाठी कोणापुढे वाकावं लागत नसे. पण त्याहून मोठी गोष्ट होती ती शाळा. मुंबईच्या फौजेत शिपायांच्या मुलामुलींसाठी शाळा चालत आणि तिथे शिकणं सक्तीचं असे. ज्या मुलांना गावच्या शाळेच्या ओट्यावरही बसू दिलं नसतं ती पलटणीच्या शाळेत अक्षरं गिरवत होती. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे या शाळांचा उल्लेख मुद्दाम केला आहे, आणि करणं साहजिकच होतं. त्यांचे आजोबा मालोजी फौजेत होते, वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, आईकडचं घराणंही सुभेदारांचं. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली झाला तोही महूच्या छावणीत. छावणी नसती तर ते घर कसं घडलं असतं, याचा विचार करून पाहावा.

हा दरवाजा बाबासाहेब पाळण्यात होते तेव्हाच बंद झाला.

१८५७ नंतर इंग्रजांना आपली फौज पुन्हा बांधायची होती. बंगालच्या पलटणी उठल्या होत्या. पंजाब, गुरखे आणि सरहद्दीकडच्या लोकांच्या बळावर उठाव मोडला गेला होता. पुढे रशिया वायव्य सरहद्दीकडे सरकतो आहे अशी भीती लागली. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते. त्याआधी ते मद्रास लष्कराचे प्रमुख होते आणि मद्रासी शिपायाबद्दल त्यांचं मत वाईट होतं. दक्षिणेतली सुखवस्तू शांतता भोगून हे लोक मऊ झाले, असा त्यांचा एकूण सूर. त्यातूनच ‘लढाऊ वंशां’चं शास्त्र पक्कं झालं. शीख, गुरखे, पठाण, डोगरे, रजपूत हे जन्मतः लढवय्ये, बाकीचे नव्हेत. भरतीच्या अधिकाऱ्यांसाठी पुस्तिका निघाल्या. त्यांत कोणत्या जिल्ह्यातली कोणती पोटजात घ्यावी, कोणती टाळावी, हे घोड्यांच्या पैदाशीचं पुस्तक लिहावं तसं लिहिलेलं असे. प्रत्येक कंपनी एकाच जातीची, असा नवा नियम आला.

या नियमाखाली कोण कोण चिरडलं गेलं? तेलुगू शिपायांची भरती हळूहळू थांबली. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. वरच्या जातींचे शिपाई त्यांच्याबरोबर राहायला तयार नसतात, हेही कारण पुढे केलं गेलं. पाऊणशे वर्षं राहत होते, त्याचं काय झालं, असं कोणी विचारलं नाही. आणि बेने इस्राएल? आपल्याकडे ज्यांना शनवार तेली म्हणत, त्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंतून सुभेदार मेजरपर्यंत माणसं चढली होती. त्यांच्या शौर्यावर कोणी शंका घेतली नव्हती. पण त्यांची संख्याच इतकी थोडी, की त्यांची स्वतंत्र कंपनी होईना. मिश्र कंपनी गेली आणि त्यांची लष्करी परंपराही बहुतेक संपली. अल्पसंख्य माणसाला वगळण्यासाठी त्याच्याविषयी वाईट मत असावंच लागतं असं नाही. खाने असे पाडायचे, की तो कुठेच बसू नये; तेवढ्यानेही काम होतं.

कामठीवरही याची छाया पडली. फौज कमी झाली, व्यापार नागपूरकडे सरकला. १८८१ ला पन्नास हजारांच्या आसपास असलेली वस्ती १९०१ पर्यंत चाळीस हजारांच्या आत आली.

आता गंमत पाहा. फौजेने ज्यांना लिहायला शिकवलं होतं, त्यांनी त्याच लेखणीने फौजेला अर्ज लिहायला घेतले. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त होऊन दापोलीला राहिले होते. १८९४ मध्ये त्यांनी भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून विनंतीपत्र तयार केलं. त्यात त्यांनी मांडलं, की आम्ही मुळात क्षत्रिय. दुर्गादेवीच्या दुष्काळात जगण्यासाठी मिळेल ते खाल्लं म्हणून आम्हाला खाली ढकललं गेलं. म्हणजे सरकार रक्ताची भाषा बोलत होतं, तर वलंगकरांनी उत्तरही रक्ताच्याच भाषेत दिलं. त्यांना दोष देता येत नाही. दरवाजावर जे कुलूप असेल त्याची किल्ली माणूस शोधतो.

पण पुढच्या पिढीने ही किल्ली टाकून दिली. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे मेसॉनिक हॉलमध्ये नोकरी करत आणि १९०८ पासून ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र चालवत. त्यांनी १९०३-०४ मध्ये सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा घेतली आणि सरकारकडे अर्ज केला. १९१० मध्ये पुन्हा, या वेळी थेट विलायतेत भारतमंत्र्यांकडे. पोलिसांत आणि फौजेत अगदी खालच्या पायरीवर का होईना आम्हाला घ्या, ही मागणी. मागणी नम्र होती, पण तिचा पाया बदलला होता. आम्ही पूर्वी कोण होतो यापेक्षा आम्ही सरकारची सेवा केली आहे, आम्ही माणसं आहोत आणि न्याय सर्वांना सारखा हवा, यावर भर होता. सोळा वर्षांत झालेला हा बदल मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो. शिपाई होण्याचा हक्क पूर्वजांच्या पुण्याईवर मागायचा की माणूस म्हणून मागायचा, हा तो प्रश्न होता.

अर्जांनी जे झालं नाही ते पहिल्या महायुद्धाने केलं. माणसं कमी पडू लागली तेव्हा ‘लढाऊ’ रक्ताची व्याख्या आपोआप सैल झाली. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, खर्चाची काटकसर निघाली, १९२१ मध्ये ती मोडली. गरज सरो, वैद्य मरो. परत आलेल्या शिपायांना गावात पूर्वीच्याच वेशीबाहेर राहायचं होतं.

मात्र परतलेले शिपाई पूर्वीचे राहिले नव्हते. १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या भागात निवृत्त महार शिपायांची वस्ती मोठी होती आणि आंदोलनाच्या शिस्तीत त्यांचा हात होता. त्याच सुमारास उभ्या राहिलेल्या संघटनेचं नावही ‘समता सैनिक दल’. त्याच वर्षी १ जानेवारीला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभाजवळ गेले होते. सरकारने सैनिक होण्याची वाट बंद केली, तेव्हा या लोकांनी सैनिक हा शब्दच उचलून आपल्या चळवळीत आणला.

कामठीत हे काम बाबू हरदास एल. एन. यांनी केलं. लक्ष्मणराव नगराळे यांचे हे चिरंजीव, जन्म १९०४ चा, कामठीचाच. अठराव्या वर्षी त्यांनी महार तरुणांचं स्वयंसेवक पथक बांधायला घेतलं. रात्रशाळा काढल्या, विडी कामगारांना एकत्र केलं. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे नागपूर-कामठीतून ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून आले. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. दोन माणसं भेटली की एकमेकांना मान देणारा शब्द आधी उच्चारायचा, ही सवय समाजाला लावणारा हा माणूस छावणीच्या गावातच वाढला होता. १२ जानेवारी १९३९ ला, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी ते गेले. तीन वर्षं आणखी जगते तर कामठीत जे घडलं ते त्यांनी पाहिलं असतं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. बाबासाहेबांनी १९४० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानविषयीच्या पुस्तकात फौजेच्या रचनेची चिरफाड केली होती. त्यांचा मुद्दा साधा आणि बिनतोड होता. काही जाती लढाऊ आणि काही बिनलढाऊ हे शास्त्र रणांगणावर सिद्ध झालेलं नाही. १८५७ मध्ये कोणी सरकारला साथ दिली यावरून ते ठरलं आणि नंतर त्याला रक्ताचा मुलामा दिला गेला. १९४१ च्या जुलैत व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर त्यांची नेमणूक झाली आणि त्यांनी महार पलटणीसाठी नेट लावला. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी बटालियन जानेवारी १९४२ मध्ये कामठीला, लेफ्टनंट कर्नल किरवान यांच्या हाताखाली.

याच काळात इतर ठिकाणीही बंद दारं किलकिली होत होती. मजहबी आणि रामदासिया शिखांची पलटण, जी पुढे शीख लाइट इन्फन्ट्री झाली, तिची स्थापनाही १ ऑक्टोबर १९४१ चीच. १९४३ मध्ये चमार रेजिमेंट निघाली, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली आणि १९४६ मध्ये मोडली गेली.

१९४२ हे वर्ष विदर्भाला विसरता येणार नाही. जानेवारीत कामठीला बटालियन. जुलैत नागपूरला अखिल भारतीय दलित परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची घोषणा झाली. ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ सुरू झालं आणि चिमूर, आष्टी पेटले. एकीकडे खेड्यातला तरुण इंग्रजांच्या ठाण्यावर चालून जात होता, दुसरीकडे त्याच मुलखातला दुसरा तरुण इंग्रजांच्या पलटणीत नाव नोंदवत होता. त्यातून महार रेजिमेंटच्या दुसऱ्या आणि पंचविसाव्या बटालियनकडे देशातल्या अंतर्गत सुरक्षेचं काम होतं. हे अवघड सत्य आहे आणि त्यावरून घाईने निवाडा करण्याची सवय आपल्याकडे आहे. कोणी म्हणतं, ही साम्राज्याची चाकरी झाली. पण मग त्या काळी फौजेत असलेल्या लाखो जाट, मराठा, पंजाबी मुसलमान, गुरखा शिपायांना हा प्रश्न आपण त्याच आवाजात विचारतो का? महार तरुणापुढे गुलामी एक नव्हती, दोन होत्या. त्यातली रोज दारात उभी असलेली कोणती, हे त्याला दुसऱ्याने सांगण्याची गरज नव्हती. शिवाय बाबासाहेबांचा एक व्यवहारी हिशेब होता: हा देश उद्या स्वतंत्र होईल तेव्हा त्याच्या फौजेत आपली माणसं असली पाहिजेत; त्या दिवशी भरती सुरू करून भागणार नाही.

नेमका हाच पेच त्या काळात अमेरिकेतल्या काळ्या नागरिकांपुढेही होता. पहिल्या महायुद्धात डु बॉइस यांनी आपल्या लोकांना तक्रारी बाजूला ठेवून युद्धात साथ द्या असं सांगितलं होतं. शिपाई परतले ते पुन्हा वेगळ्या डब्यांत, वेगळ्या शाळांत. दुसऱ्या युद्धात दहा लाखांच्या आसपास काळे नागरिक गणवेशात गेले, पण बहुतेक वेगळ्या पलटणींत, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या हाती बंदुकीपेक्षा फावडं आणि ट्रकचं चाकच अधिक आलं. लढण्याचा हक्क द्या, ही त्यांची मागणी ऐकायला विचित्र वाटते. मरण्याचा हक्क कोणी मागतं का? पण ज्याला देशासाठी मरू दिलं जात नाही त्याला देशात हक्काने जगूही दिलं जात नाही, हा अनुभव त्यांनाही होता आणि आपल्या इथल्यांनाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये याच डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. एक फरकही सांगितला पाहिजे. तिथे वंश हा शब्द कातडीच्या रंगावरून आला. इथे इंग्रजांनी जातीलाच वंश म्हटलं. बाबासाहेबांनी ते कधीच मान्य केलं नाही. अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, हे त्यांनी १९४८ च्या पुस्तकात डोक्यांच्या, नाकांच्या मोजमापांचे आकडे घेऊन सविस्तर दाखवलं.

१९४६ च्या ऑक्टोबरात महार रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली आणि तिचं केंद्र कामठीला आलं. व्हिकर्स मशीनगन हे काही साधं हत्यार नव्हे. पट्टा भरणं, पाण्याने नळी थंड ठेवणं, अंतराचा हिशेब करून मारा लावणं, यासाठी शिकलेला, थंड डोक्याचा शिपाई लागतो. ज्यांच्याबद्दल पन्नास वर्षं ‘लायक नाहीत’ असा शेरा होता त्यांच्या हाती हे काम आलं. रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आडव्या-उभ्या दोन मशीनगन आणि मध्ये कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर स्तंभाच्या जागी कट्यार आली. फाळणीत या शिपायांनी पंजाबात निर्वासितांचे तांडे पोहोचवले. त्यात कोण हिंदू, कोण शीख, कोण मुसलमान हे पाहण्याची मुभा नव्हती. काश्मीरच्या लढाईत त्यांच्या मशीनगन कंपन्या वेगवेगळ्या पलटणींच्या मदतीला विखुरलेल्या होत्या. रेजिमेंटचं केंद्र मात्र कामठीला फार दिवस राहिलं नाही. पुढे ते मध्य प्रदेशात सागरला गेलं आणि आज तिथेच आहे.

कामठीची गोष्ट इथे संपली असती. पण १९४९ मध्ये जनरल करिअप्पांनी ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी केली. जुन्या, नावाजलेल्या चार पलटणी घेतल्या आणि ठरवलं, की या रेजिमेंटमध्ये कोणत्याही जातीचा, प्रांताचा, धर्माचा माणूस येईल. पायदळात हा मोठा प्रयोग मानला गेला. मुंबईच्या जुन्या फौजेची आठवण असलेल्याला तो तितका नवा वाटला नसता. योगायोग असा, की या गार्ड्सचं केंद्र कोट्याहून पुढे कामठीला आलं. म्हणजे एका जातीला तिच्या नावाने दार उघडून देणारी रेजिमेंट आणि जातच न विचारणारी रेजिमेंट, दोन्हींच्या कवायती या एकाच छावणीने पाहिल्या.

यांपैकी बरोबर कोणती, असं मला कोणी विचारतं तेव्हा मी प्रश्नच चुकला आहे असं म्हणतो. १९४२ मध्ये ‘आम्ही जात पाहत नाही’ असं म्हणणारी फौज निघाली असती, तर भरतीच्या टेबलामागे बसलेल्या माणसाने ती पाहिलीच असती. आधी दार फोडावं लागतं, मग सगळे आत आले की दाराची पाटी बदलता येते. महार रेजिमेंटचंही तसंच झालं. आज तिच्यात देशभरातले, सगळ्या समाजांचे जवान आहेत. १९८७ मध्ये श्रीलंकेत परमवीरचक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन् तिच्याच आठव्या बटालियनचे.

आणि गार्ड्सचं परमवीरचक्र कोणाचं? लान्स नाईक अल्बर्ट एक्का. झारखंडातल्या गुमला भागातला ओराँव आदिवासी, धर्माने ख्रिस्ती. ‘लढाऊ वंशां’च्या जुन्या पुस्तिकांत त्याच्या जमातीला जागा नव्हती. १९७१ च्या ३ डिसेंबरला गंगासागरच्या लढाईत १४ गार्ड्सच्या या शिपायाने मशीनगनच्या बंकरवर संगीन घेऊन चाल केली, जखमी झाला, एकामागून एक खंदक साफ करत पुढे गेला, मग इमारतीवर चढून दुसरी मशीनगन बंद पाडली आणि तिथेच कोसळला.

स्वातंत्र्यानंतर नवी जातवार रेजिमेंट काढायची नाही असं सरकारचं धोरण राहिलं. तरीही चमार रेजिमेंट पुन्हा उभी करावी, अहीर रेजिमेंट काढावी अशा मागण्या अधूनमधून होतात. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा सर्व प्रांत, सर्व वर्ग यांच्या मिश्र भरतीकडे जाण्याची भाषा झाली आणि त्यावर निवृत्त अधिकाऱ्यांत खडाजंगी झाली. एकजिनसी पलटण जास्त घट्ट लढते, असं एका बाजूचं म्हणणं. त्या वादात गार्ड्सचं उदाहरण हटकून निघतं. जुन्या मुंबई लष्कराचं मात्र सहसा कोणी काढत नाही.

कामठीत उभ्या राहिलेल्या त्या दुसऱ्या महार बटालियनमध्ये १९४२ च्या ऑगस्टमध्ये एकोणीस वर्षांचा एक तरुण अधिकारी म्हणून दाखल झाला. के. व्ही. कृष्णराव त्यांचं नाव. तेलुगू मुलखातले; ज्यांची भरती रॉबर्ट्स साहेबांच्या जमान्यात आटत गेली आणि ज्यांच्या पूर्वजांची लाइन कधीकाळी कामठीत होती, त्या लोकांतले. १९८१ मध्ये ते भारताचे लष्करप्रमुख झाले.